जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांतील एअर सस्पेन्शन यंत्रणा : दोषनिदानाची शास्त्रीय पद्धती (मारेगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

हवेच्या दाबावर वाहनाचा भार पेलणारी एअर सस्पेन्शन यंत्रणा आज केवळ महानगरांतील नव्या वाहनांपुरती मर्यादित राहिलेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली अशी जुनी वाहने ग्रामीण भागातील रस्त्यांवरही धावू शकतात. या यंत्रणेत बिघाड झाला असता दोषाचे मूळ न शोधता सुटे भाग बदलण्याकडे सर्वसाधारण कल दिसून येतो. त्यामुळे खर्च वाढतो, दोष कायम राहतो आणि प्रसंगी दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतते. प्रस्तुत लेखात सदर यंत्रणेमागील भौतिकशास्त्रीय तत्त्वे, तिचे घटक, दोषांचे वर्गीकरण आणि निदानाचा क्रम यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : एअर सस्पेन्शन, दोषनिदान, बॉइलचा नियम, हवागळती, कॉम्प्रेसर, उंचीमापक.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे वणी–करंजी मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. काळी कसदार माती, कपाशीची शेती, कडक उन्हाळा आणि पूर्वेकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वणी परिसरातील कोळसा खाणी ही या भागाची ठळक वैशिष्ट्ये होत. या चारही गोष्टींचा वाहनांच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात काळी माती चाकांना व चाकांच्या आतील भागांना चिकटून राहते, वाळल्यावर तिचे कठीण खडे बनतात. उन्हाळ्यात रबर कडक होते. आणि खाणींच्या रस्त्यांवरील बारीक धूळ प्रत्येक फटीत शिरते.

या परिसरातील जीप, सुमो, बोलेरो यांसारख्या वाहनांनी प्रामुख्याने पोलादी पाटे अथवा स्प्रिंगा यांवरच आपला भार पेलला. पाटा तुटला की तो डोळ्यांना दिसतो आणि गावातील मिस्त्री तो बदलून देतो. एअर सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. सायंकाळी सुस्थितीत उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला टेकलेली आढळते. पण त्यामागील कारण डोळ्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या कारणाचा शोध कसा घ्यावा, हा प्रश्न केवळ यांत्रिकीचा नसून तर्कशुद्ध विचारपद्धतीचाही आहे. म्हणूनच विविध विद्याशाखांच्या अध्यापकांनाही हा विषय विचारार्ह वाटावा.

उद्दिष्टे

१. एअर सस्पेन्शन यंत्रणेमागील मूलभूत वैज्ञानिक तत्त्वे स्पष्ट करणे.
२. यंत्रणेतील दोषांचे लक्षणांनुसार वर्गीकरण करणे.
३. अल्प साधनांनिशी करता येण्याजोगा निदानक्रम मांडणे.
४. चुकीच्या निदानाचे आर्थिक व सुरक्षाविषयक परिणाम अधोरेखित करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हवेच्या दाबाचा स्प्रिंगप्रमाणे उपयोग करण्याची कल्पना जुनी असली तरी वाहनांत तिचा व्यापक वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रथम बसगाड्यांमध्ये झाला. महाराष्ट्रातील सामान्य प्रवाशाला या यंत्रणेचा परिचय राज्य परिवहन महामंडळाच्या मुंबई–पुणे मार्गावरील ‘शिवनेरी’ गाड्यांमुळे झाला. खड्ड्यांचा धक्का आसनापर्यंत पोहोचत नाही, हा तो अनुभव होता.

फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांच्या संदर्भात ‘रेंज रोव्हर’चे उदाहरण महत्त्वाचे ठरते. १९७० साली बाजारात आलेल्या या वाहनाला पोलादी स्प्रिंगा होत्या. १९९२ मध्ये त्यात संगणक-नियंत्रित एअर सस्पेन्शनचा समावेश झाला. १९९४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या, ‘पी-३८’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहनात ही यंत्रणा अधिक विकसित झाली, तर २००४ साली आलेल्या ‘डिस्कव्हरी-३’मध्येही तिचा वापर झाला. या वाहनांची निर्मिती करणारी जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी जून २००८ मध्ये टाटा मोटर्सच्या ताब्यात आली. २००९ मध्ये मुंबईत तिचे विक्रीदालन सुरू झाले आणि २०११ पासून पुणे परिसरात या कंपनीच्या ‘फ्रीलँडर-२’ या वाहनाची जुळणी होऊ लागली. अशा रीतीने मूळच्या ब्रिटिश तंत्रज्ञानाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध जुळला. त्या काळातील वाहने आता जुनी झाली असून त्यांच्या किमती उतरल्या आहेत. सुट्या भागांच्या किमती मात्र त्या प्रमाणात उतरलेल्या नाहीत. निदान अचूक असण्याची गरज या विषमतेतूनच निर्माण होते.

वैज्ञानिक तत्त्वे

रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार स्थिर तापमानाला वायूचा दाब त्याच्या आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रबरी पिशवीत कोंडलेली हवा चाक वर उचलले गेले की दाबली जाते, तिचा दाब वाढतो आणि ती चाकाला पुन्हा खाली ढकलते. हेच हवेच्या स्प्रिंगचे कार्य होय.

एका चाकावर ६०० किलोग्रॅम भार असून पिशवीचे परिणामी क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे असे समजल्यास, तो भार पेलण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम इतका दाब आवश्यक ठरतो. भार ७५० किलोग्रॅम झाला की दाब ५ करावा लागतो. पोलादी पाट्यावर भार वाढला की गाडी खाली बसते. येथे मात्र आणखी हवा भरून उंची कायम राखली जाते. दाबाबरोबर पिशवीचा ताठरपणाही वाढत असल्याने रिकामी आणि भरलेली गाडी जवळजवळ सारख्याच लयीत हेलकावते. या यंत्रणेच्या आरामदायीपणाचे रहस्य येथे आहे.

याच तत्त्वांचा दुसरा परिणाम निदानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. चार्ल्सच्या नियमानुसार दाब स्थिर असताना हवेचे आकारमान तापमानाच्या समप्रमाणात बदलते. उभ्या गाडीचा भार बदलत नसल्याने पिशवीतील दाबही बदलत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात सायंकाळी ४२ अंश सेल्सिअस असलेले तापमान पहाटे २७ अंशांवर आले, तर केल्विन मापनात ते ३१५ वरून ३०० वर येते. म्हणजे हवेचे आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी घटते. पिशवीतील हवेच्या स्तंभाची उंची २० सेंटिमीटर धरल्यास गाडी सुमारे एक सेंटिमीटर खाली येईल. ही गळती नव्हे. चारही चाकांवर साधारण सारखी आणि अल्प घट आढळल्यास तिचा दोष रबराला देता येत नाही. हे लक्षात न घेतल्यास निर्दोष पिशव्या बदलल्या जाण्याची शक्यता असते.

यंत्रणेचे घटक

कॉम्प्रेसर बाहेरील हवा दाबून देतो. ड्रायर हा घटक त्या हवेतील ओलावा शोषून घेतो. पुढे हवा एका टाकीत साठवली जाते. ‘पी-३८’मध्ये या टाकीतील दाब सुमारे १० बारपर्यंत जातो, मोटारीच्या टायरमधील दाब सामान्यतः २ ते २.५ बार असतो, यावरून त्याची कल्पना यावी. टाकीतील हवा व्हॉल्व्ह-ब्लॉकमधून, विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या मार्गे चार बारीक नळ्यांतून चार पिशव्यांकडे जाते. या पिशवीस गॅरेजच्या बोलीत ‘बलून’ म्हणतात. प्रत्येक चाकाजवळ एक उंचीमापक असतो. तो चाक व सांगाडा यांतील अंतर विद्युतसंकेताच्या रूपाने संगणक-नियंत्रकाला कळवतो आणि नियंत्रक त्यानुसार हवा भरण्याचा किंवा सोडण्याचा आदेश देतो.

थोडक्यात, या यंत्रणेचे तीन भाग पडतात : हवा निर्माण करणारा, हवा धरून ठेवणारा आणि हवेचे नियंत्रण करणारा. दोषांचे वर्गीकरणही याच तीन भागांनुसार करणे सोयीचे ठरते.

लक्षणांनुसार दोषांचे वर्गीकरण

१. एकच कोपरा रात्रभरात खाली बसणे : त्या कोपऱ्याची पिशवी, नळी, नळीची जोडणी किंवा व्हॉल्व्ह-ब्लॉकमधील त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह, यांपैकी एका ठिकाणी गळती.

२. गाडी खाली बसत नाही, परंतु सकाळी वर उचलली जाण्यास फार वेळ लागतो : टाकी, तिची नळी अथवा कॉम्प्रेसर यांत दोष. कोपऱ्यांचे व्हॉल्व्ह बंद असल्याने टाकीतील गळती उभ्या गाडीला खाली बसवत नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

३. कॉम्प्रेसर सतत चालणे किंवा तापून बंद पडणे : कॉम्प्रेसरच्या पिस्टनचे सील झिजले असावे, अथवा अन्यत्र गळती असल्याने त्याच्यावर अतिरिक्त काम पडत असावे.

४. उंची स्थिर राहते, पण चुकीची असते; किंवा गाडी विनाकारण वर-खाली होते : उंचीमापक, त्याच्या तारा वा जोडण्या यांत दोष.

५. चारही कोपरे सारखेच खाली बसणे : हे लक्षण सर्वाधिक फसवे आहे. ‘पी-३८’मध्ये गाडी उभी असतानाही नियंत्रक ठराविक अंतराने जागा होतो आणि सर्वात खाली गेलेल्या कोपऱ्याशी जुळवून घेण्यासाठी इतर कोपऱ्यांतील हवा सोडतो. परिणामी गळती एकाच पिशवीत असूनही सकाळी संपूर्ण गाडी समतल स्थितीत खाली बसलेली आढळते. पाहणाऱ्याला चारही पिशव्या निकामी झाल्या आहेत असे वाटते.

निदानाचा क्रम

*पहिली पायरी : लक्षणांची नोंद.* दोष कधी उद्भवतो, पावसानंतर की उन्हात, भार असताना की नसताना, कोणत्या कोपऱ्यात आणि किती वेळात, या बाबी प्रथम लिहून काढाव्यात. वैद्य जसा रोग्याचा पूर्वेतिहास विचारतो, तसाच हा प्रकार आहे.

*दुसरी पायरी : बॅटरी व तारा.* बॅटरी अशक्त असल्यास नियंत्रक अनेक खोटे दोष दाखवू शकतो. तसेच शेतात किंवा गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनांच्या तारा उंदीर कुरतडतात. फ्यूज, रिले व तारांची तपासणी विनाखर्च होते. म्हणून ती आधी करावी.

*तिसरी पायरी : स्थिर चाचणी.* गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी. नियंत्रकाला रात्री जागे करणारा रिले काढून ठेवावा, म्हणजे उपरोक्त स्वयंचलित समतलीकरण होणार नाही. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजून तापमानासह नोंदवावे. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच माप पुन्हा घ्यावे. चारही कोपऱ्यांतील अल्प व समान घट तापमानामुळे होते. एखाद्या कोपऱ्यातील ठळक घट गळती दर्शवते. एक मोजपट्टी आणि एक कागद एवढ्या साधनांवर दोषाचे स्थान चारांपैकी एका कोपऱ्यापर्यंत निश्चित होते.

*चौथी पायरी : साबणाचे पाणी.* पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे पाहतो. येथे पिशवी बुडवता येत नसल्याने नळ्यांच्या जोडण्यांवर व रबरावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. रबराला चिरा बहुधा घडीच्या ठिकाणी पडतात आणि गाडी खाली असताना ती घडी झाकलेली असते. म्हणून ही तपासणी सर्वाधिक उंचीवर आणि नेहमीच्या उंचीवर अशी दोनदा करावी. घडीत वाळलेली काळी माती प्रथम पाण्याने हळुवार धुवून काढावी. टोकदार वस्तूने खरवडल्यास तपासणीतूनच नवा दोष जन्माला येईल.

*पाचवी पायरी : पिशवी की व्हॉल्व्ह?* साबणाच्या पाण्याने निर्णय होत नसेल, तर संशयित कोपऱ्यातील हवा सोडून त्याची नळी व्हॉल्व्ह-ब्लॉकपासून विलग करावी आणि तिला टायरच्या व्हॉल्व्हसारखी जोडणी बसवून पंपाने स्वतंत्रपणे हवा भरावी. अशा स्थितीत गाडी रात्रभर ठेवल्यावर कोपरा खाली बसला, तर दोष पिशवीत किंवा नळीत आहे. तो टिकून राहिला, तर दोष व्हॉल्व्ह-ब्लॉकमध्ये आहे. व्हॉल्व्ह-ब्लॉकमधील दोष अनेकदा कडक झालेल्या ओ-रिंगांचा असतो आणि त्या रिंगा बदलण्याचा खर्च संपूर्ण ब्लॉक बदलण्याच्या तुलनेत नगण्य असतो.

*सहावी पायरी : कॉम्प्रेसरची परीक्षा.* हवागळती नसल्याची खात्री झाल्यावरच कॉम्प्रेसरकडे वळावे. रिकामी टाकी भरण्यास लागणारा वेळ मोजावा व तो त्या वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील वेळेशी ताडून पाहावा. कॉम्प्रेसर चालतो पण दाब वाढत नाही, असे आढळल्यास सील झिजले आहे. ड्रायरमधील शोषक द्रव्य ओले किंवा भुकटी झालेले असल्यास तेही बदलावे.

*सातवी पायरी : उंचीमापक.* ‘पी-३८’सारख्या जुन्या वाहनांतील उंचीमापक हा एक बदलता विद्युतरोध असतो. गाडी बहुतेक काळ एकाच उंचीवर चालत असल्याने त्यातील पट्टी नेमक्या त्याच जागी झिजते. मल्टिमीटर जोडून त्याची दांडी सावकाश फिरवली असता आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो उडाला अथवा शून्यावर गेला, तर मापक सदोष समजावा. मापक बदलल्यावर उंचीची मापे पुन्हा निश्चित करावी लागतात.

स्कॅनरची मर्यादा

स्कॅनर जोडला की दोष कळतो, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः स्कॅनर नियंत्रकाला जे दिसले तेच सांगतो. ‘दाब अपेक्षित वेळेत वाढला नाही’ ही नोंद खरी असते. परंतु तिचे कारण कॉम्प्रेसर, गळकी नळी, अशक्त बॅटरी किंवा तुंबलेला ड्रायर यांपैकी काहीही असू शकते. ‘पी-३८’मध्ये गंभीर दोष आढळला की चालकाला ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची वेगमर्यादा पाळण्याची सूचना मिळते. ती सूचना सावधगिरीची असते, निदान नव्हे. दोषनोंदी लिहून घ्याव्यात, पुसाव्यात आणि गाडी चालवून कोणत्या नोंदी परत येतात ते पाहावे. परत येणारी नोंदच विचारात घ्यावी.

चुकीच्या निदानाचे परिणाम

या यंत्रणेतील दोषांची एक साखळी असते. पिशवीला बारीक चीर पडते. गेलेली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. त्याचे सील झिजते. झिजलेल्या सीलची भुकटी व ओलावा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. व्हॉल्व्ह अडकू लागतात. मालकाच्या लक्षात मात्र शेवटचीच गोष्ट येते, ती म्हणजे कॉम्प्रेसर जळाला. अशा वेळी केवळ कॉम्प्रेसर बदलल्यास नवा कॉम्प्रेसरही त्याच मार्गाने जातो. बहुतेक प्रसंगी कॉम्प्रेसर हा अपराधी नसून बळी असतो. जेथे अधिकृत सेवा केंद्र शेजारी नाही आणि सुटा भाग दूरच्या शहरातून मागवावा लागतो, तेथे अशी एक चूक वाहन कित्येक दिवस जागेवर खिळवून ठेवते.

सततच्या खर्चाला कंटाळून हवेच्या पिशव्या काढून पोलादी स्प्रिंगा बसवण्याचा मार्गही काही मालक पत्करतात. त्यामुळे गळतीचा प्रश्न मिटतो. पण उंची कमी-जास्त करण्याची आणि भारानुसार समतल राहण्याची क्षमता नष्ट होते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालण्यात आले आहेत. म्हणून असा निर्णय घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट होय.

सुरक्षिततेचा विचार

सर्वात गंभीर मुद्दा आर्थिक नसून जीविताचा आहे. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. नळी निसटली किंवा व्हॉल्व्ह उघडला तर दोन टनांहून अधिक वजनाची गाडी क्षणार्धात खाली बसते आणि सावरण्यास अवधी मिळत नाही. पाट्यांच्या गाड्यांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या कारागिराला या धोक्याची सवय नसते, कारण पाटा असा अचानक नाहीसा होत नाही. म्हणून सांगाड्याखाली भक्कम घोड्या लावल्यानंतरच खाली शिरावे. केवळ जॅकवर विसंबू नये. कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी संबंधित भागातील हवा पूर्णपणे सोडावी आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

स्थानिक कौशल्याची उपयुक्तता

ही यंत्रणा ग्रामीण कारागिराच्या आवाक्याबाहेरची आहे, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. कोळशाची वाहतूक करणाऱ्या ट्रक व टिपरचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्यांत कॉम्प्रेसर, ड्रायर, टाकी, नळ्या आणि व्हॉल्व्ह हेच घटक असतात. हवेचा फुसफुस आवाज ऐकून गळती शोधणारा वणी–मारेगाव पट्ट्यातील ट्रक-मेकॅनिक या यंत्रणेच्या दोनतृतीयांश भागाशी आधीच परिचित असतो. त्याच्याकडे उणीव असते ती केवळ विद्युत-नियंत्रण समजून घेण्याची आणि नोंदी ठेवण्याच्या सवयीची. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग यांनी अल्पमुदतीच्या कार्यशाळांद्वारे ही उणीव भरून काढणे शक्य आहे. बॉइल व चार्ल्स यांचे नियम फळ्यावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा प्रत्यय रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या मापांतून येऊ शकतो.

निष्कर्ष

१. एअर सस्पेन्शनमधील दोषांचे निदान हवेची निर्मिती, धारणा आणि नियंत्रण या तीन भागांत विभागून केल्यास सुलभ होते.
२. स्वयंचलित समतलीकरण आणि तापमानातील फरक हे दिशाभूल करणारे घटक आधी वगळणे अत्यावश्यक आहे.
३. मोजपट्टी, साबणाचे पाणी, मल्टिमीटर व पंप या साध्या साधनांनी बहुतांश दोषांचे स्थान निश्चित करता येते.
४. कॉम्प्रेसरचा बिघाड हा बहुधा गळतीचा परिणाम असतो. म्हणून गळती दूर केल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलू नये.
५. घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली न जाण्याचा नियम कोणत्याही परिस्थितीत शिथिल करू नये.

यावरून असे स्पष्ट होते की, जुन्या वाहनाची दुरुस्ती ही महागड्या सुट्या भागांपेक्षा क्रमबद्ध विचारावर अधिक अवलंबून असते. एका वेळी एकच शक्यता वगळत जाणे, प्रत्येक निरीक्षण लिहून ठेवणे आणि लक्षणाला कारण न समजणे ही शिस्त ज्या गॅरेजमध्ये रुजेल, तेथे मालकाचा पैसा आणि कारागिराचा जीव दोन्ही सुरक्षित राहतील.